ओ

क्लाक्सविकच्या बंदरात, मासळीच्या शीतगृहात
रात्रीचे पावणेतीन.
उणे बावीस अंशांत ट्रोंदुर
हातमोज्यात स्कॅनर धरून उभा,
आणि स्कॅनरचं एकच पालुपद,
नेटवर्क सापडत नाही.

शुक्रवारी जुना कंट्रोलर काढला.
बारा वर्षं कपाटात घुमत होता,
पाठीवर कुणाकुणाच्या कॉफीची वर्तुळं.
नवा आला तो हलका, एका हातात मावणारा.
रानवानं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं,
तोच पासवर्ड, तीच कुलपं,
नाव तेच
आणि नावापुढची बरोबरची खूणही तीच,
'लपवा'.

लपवलं होतं होगनीनं.
तो निवृत्त झाला, आता डोंगरावर मेंढ्या राखतो,
फोन उचलत नाही.
वहीत त्याच्या तिरक्या अक्षरात एवढंच :
नाव दाखवू नये. ज्याला ठाऊक आहे तो येईल.

रानवा शिडी चढते, उतरते.
लॅपटॉपवर आसपासची नावं सरकतात :
हार्बर ऑफिस, बेकरी,
धक्क्याला लागलेल्या नॉर्वेजियन ट्रॉलरचं जेवणघर,
समोरच्या घराचं 'शेजाऱ्यांचं वापरा',
आणि मधेच एक रिकामी ओळ.
नाव नाही. जोर मात्र पाचापैकी पाच.
इतक्या जवळून कोणी इतकं गप्प राहतं?

ती नाव अक्षर-अक्षर ताडून पाहते,
शेवटी एखादी मोकळी जागा चिकटली आहे का तेही.
सगळं बंद करून पुन्हा चालू करते.
ट्रोंदुर पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं
खोक्यांचे आकडे लिहू लागतो. पेन केव्हाच गोठलं.

साडेचारला तिला कळतं.
नव्यानं आपल्या मनानं शहाणपणा केला होता,
खालची गर्दी पाहून
सगळ्यांना वरच्या, मोकळ्या चॅनेलवर नेलं होतं.
ती उगाच मोकळी नव्हती.
तिथे पहिला मान रडारचा.
तिथला रिवाज असा की आधी ऐकायचं,
कोणी आपलं बोललं तरच तोंड उघडायचं.

म्हणजे स्कॅनर वाट पाहतोय,
नाव ऐकू आलं की ओ देईन.
आणि छतावरचा डबा वाट पाहतोय,
नावानं हाक आली की ओ देईन.
मधे अडीच मीटर हवा आणि गोठलेला कॉड.
दोघंही नियमानं वागत होते.
लॉगमध्ये चूक एकही नव्हती.

सहाला दार ढकलून होगनीच आला,
अंगाला ओल्या लोकरीचा वास.
"दिवा दिसला," म्हणाला. "काय मोडलं?"
काही नाही, ती म्हणाली. लपवलं कशाला होतंत?
"चोराला कळू नये म्हणून."
चोराला कळतंच, होगनी.
इथे आपण तोंड मिटून बसतो,
पण ट्रोंदुर स्कॅनर खिशात विसरून घरी जातो ना,
तेव्हा तो खिशातून वाटभर तेच नाव पुकारत जातो,
कुठे आहेस, कुठे आहेस,
बेकरीच्या रांगेत, रविवारी चर्चमध्येसुद्धा.

होगनीनं टोपी काढली, पुन्हा घातली.
बराच वेळ कंप्रेसरच बोलत होता.
मग त्यानंच मान हलवली
आणि तिनं खूण पुसली.

रिकामी ओळ भरली. सुन्वोर.
एका स्कॅनरनं ओ दिली, मग दुसऱ्यानं,
मग आतून, थंडीतून, अकरांनी एकदम.
ट्रोंदुर पडद्याकडे पाहत बाहेर आला.
"ही सुन्वोर कोण?"

"नाव होती," होगनी म्हणाला.
"सत्तेचाळीस फुटी. विकली."
आणि खाली बघत विचारलं,
पुठ्ठ्यावरचे ते आकडे
आता कोण चढवणार?

दोनशे चौदा खोकी होती.
त्यानं चष्मा शोधला, आणि वाचून दाखवू लागला.